थट्टेची वस्तू की खेळणे? बंदरावर ठरणारे नाव आणि तुमच्या गाडीवरचा माल

तुम्ही जत्रेत, आठवडी बाजारात, रेल्वे स्टेशनबाहेर किंवा शाळेच्या फाटकापाशी खेळणी विकत असाल, तर हे नग तुमच्या मालात असतीलच: बसल्यावर ‘पुर्र’ असा आवाज काढणारी रबरी उशी, टोपण दाबले की झटका देणारे पेन, ओढले की बोटावर चाप बसणारे च्युइंगमचे पाकीट, खरी वाटणारी पाल आणि झुरळ. गिऱ्हाईक यांना खेळणी म्हणते, तुम्हीही म्हणता. मात्र हा माल परदेशातून बंदरात उतरतो तेव्हा कागदावर त्याचे नाव ‘खेळणे’ असेलच असे नाही. तिथे त्याला ‘थट्टेची वस्तू’ असेही म्हणता येते, आणि त्या एका नावावर मूळ सीमाशुल्क ७० टक्के की २० टक्के हे अवलंबून असते.

हा आयातदारांचा मामला, आपला काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध असा आहे. पीएम स्वनिधी योजनेत पहिल्या हप्त्याचे कर्ज आता १५,००० रुपयांचे आहे. ते घेऊन तुम्ही घाऊक बाजारातून माल उचलता. ठोक व्यापारी सांगतो, “हे जोक आयटम आहेत, खेळणी नाहीत, याला आयएसआय लागत नाही.” तुम्ही माल गाडीवर मांडता. भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा अधिकारी तपासणीला आला आणि त्याने तो माल खेळणी म्हणून धरला, तर पहिल्या गुन्ह्याला कायद्यात सांगितलेला दंड किमान दोन लाख रुपयांचा आहे. कर्जाच्या तेरा पट. बंदरावर कोणी कोणते नाव लिहिले, याचा हिशेब अशा वेळी तुमच्या दारात येऊन उभा राहतो.

म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

९५०३ आणि ९५०५

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. जगातले बहुतेक देश एकच पद्धत वापरतात. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. भारतात एकूण आठ अंक असतात. खेळणी आणि करमणुकीच्या वस्तू ९५ व्या प्रकरणात येतात. त्यात ९५०३ या क्रमांकाखाली बाहुल्या, चाकांची खेळणी, कोडी आणि ‘इतर खेळणी’ आहेत. ९५०४ मध्ये व्हिडिओ गेम, पत्ते, बिलियर्डची टेबले. ९५०५ मध्ये सणासुदीच्या, कार्निव्हलच्या आणि इतर करमणुकीच्या वस्तू, आणि त्यातच जादूच्या प्रयोगांचे साहित्य व ज्यांना इंग्रजी मजकुरात ‘नॉव्हेल्टी जोक्स’ म्हटले आहे त्या वस्तू.

या शेवटच्या शब्दाला मराठीत सरकारमान्य प्रतिशब्द नाही. ‘विनोदी वस्तू’ म्हटले तर पुस्तकातला विनोद आठवतो, ‘गमतीच्या वस्तू’ म्हटले तर सगळीच खेळणी त्यात येतात. दुसऱ्याची फजिती करणे हा ज्या वस्तूचा उपयोग, ती थट्टेची वस्तू. या लेखात हाच शब्द वापरला आहे. बाजारात मात्र तुम्हाला ‘जोक आयटम’ किंवा ‘प्रँक आयटम’ हेच ऐकू येईल.

थट्टेच्या वस्तू म्हणजे नेमके काय? जागतिक सीमाशुल्क संघटनेने क्रमांकांचा अर्थ सांगणाऱ्या टिपा काढल्या आहेत. त्यात उदाहरणे दिली आहेत: शिंका आणणारी पूड, आत भलतेच काही निघणारी मिठाई, कोटाच्या बटणात लावायचे पाण्याची पिचकारी मारणारे फूल. यादी जुन्या काळातल्या युरोपातली वाटते आणि ती तशीच आहे. झटका देणारे पेन त्यात नाही. याच क्रमांकात खोटे नाक, खोट्या मिशा, कागदी टोप्या आणि फुंकली की सापासारखी उलगडणारी कागदी पिपाणीही येते. वाढदिवसाच्या सामानाच्या दुकानात दिसतो तो बराचसा माल इथला आहे.

आता अडचण पाहा. त्याच टिपांमध्ये ९५०३ च्या ‘इतर खेळण्यां’बद्दल म्हटले आहे की माणसांच्या, मग ती मुले असोत वा मोठी, करमणुकीसाठी असलेली खेळणी यात येतात. म्हणजे सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळणे फक्त मुलांचे असावे लागत नाही. मग रबरी पाल कुठे घालायची? प्राण्यांच्या आकाराची खेळणी ९५०३ मध्ये येतात. हीच पाल प्राण्यांच्या संचात वाघ-सिंहाबरोबर आली तर तिला खेळणे म्हणायला कोणी हरकत घेणार नाही. तीच एकटी, ‘मित्राला घाबरवा’ असे लिहिलेल्या पाकिटात आली, तर आयातदार म्हणू शकतो की ही थट्टेची वस्तू आहे. पाल तीच, रबर तेच, कारखानाही बहुधा तोच.

असे वाद सोडवायचे नियम आहेत. आधी क्रमांकाचे शब्द आणि प्रकरणाच्या टिपा पाहायच्या. दोन क्रमांक लागू होत असतील तर ज्याचे वर्णन जास्त नेमके आहे तो घ्यायचा. तरीही सुटले नाही तर वस्तूचा मुख्य गुण कशात आहे ते पाहायचे. आणि तेही जमले नाही तर? जो क्रमांक शेवटचा, तो घ्यायचा. ९५०३ आणि ९५०५ मध्ये शेवटचा ९५०५. हा अगदी शेवटचा उपाय आहे, सहसा वेळ तिथपर्यंत येत नाही. तरी आयातदाराच्या वकिलाला तो पाठ असणार हे नक्की.

नावावरून कर बदलण्याची ही गंमत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत २००३ मध्ये व्यापार न्यायालयाने एक्स-मेन या चित्रकथेतल्या पात्रांच्या आकृत्या ‘बाहुल्या’ नसून ‘खेळणी’ आहेत असा निकाल दिला. तिथल्या जुन्या नियमानुसार बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती आणि तिच्यावर १२ टक्के कर. माणूस नसलेल्या प्राण्याच्या खेळण्यावर ६.८ टक्के. न्यायालयाने ती पात्रे माणसे नाहीत असे ठरवले आणि कंपनीचा कर वाचला.

७० टक्के कुठून आले?

२०१८ पर्यंत खेळण्यांवर मूळ सीमाशुल्क १० टक्के होते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ते २० टक्के झाले. ९५०५ मधल्या वस्तूंवरही त्याच वेळी १० चे २० झाले. त्यामुळे त्या काळात वस्तू खेळणे आहे की थट्टेची आहे याने फरक पडत नव्हता; दोन्हीकडे कर सारखाच.

२०२० मध्ये खेळण्यांवरचे शुल्क एकदम ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. ९५०५ मात्र २० वरच राहिले. दोन शेजारच्या क्रमांकांमध्ये ५० टक्क्यांची दरी पडली ती इथे. बंदरात १०० रुपये किंमत लागलेल्या मालावर एका नावाने ७० रुपये मूळ शुल्क, दुसऱ्या नावाने २० रुपये. जीएसटी आणि बाकी आकारणी यावरून पुढे होते, म्हणून प्रत्यक्ष फरक आणखी वेगळा दिसेल. उशी, पाल, पेन यांसारख्या स्वस्त मालात विक्रेत्याची कमाई नगामागे दोनचार रुपयांची असते. तिथे हा फरक म्हणजे सगळा धंदाच.

शुल्क वाढवण्यामागे दोन कारणे सांगितली गेली. एक, देशातल्या खेळणी बनवणाऱ्यांना संरक्षण. दोन, दर्जा. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या बाजारातून १२१ प्रकारची खेळणी घेऊन तपासली होती, त्यात आयात मालापैकी सुमारे ६७ टक्के माल नापास झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नियम आला की आयात खेळण्यांच्या प्रत्येक खेपेतून नमुना काढून प्रयोगशाळेत तपासायचा. नापास झाला तर खेप परत पाठवायची किंवा आयातदाराच्या खर्चाने नष्ट करायची.

परिणाम झाला का? सरकारने २०२२ मध्ये दिलेले आकडे असे: ९५०३, ९५०४ आणि ९५०५ या तिन्ही क्रमांकांखालची आयात २०१८-१९ मध्ये ३७ कोटी १० लाख डॉलर होती, ती २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरवर आली. ७० टक्के घट. फक्त ९५०३ पाहिले तर ३० कोटी ४० लाखांवरून ३ कोटी ६० लाख.

हे आकडे बहुतेक ठिकाणी एकत्रच छापले गेले आणि त्याचा आनंदही साजरा झाला. पण साधी वजाबाकी करून पाहा. एकूण आयातीतून ९५०३ वजा केले तर उरलेल्या दोन क्रमांकांची आयात २०१८-१९ मध्ये ६ कोटी ७० लाख डॉलर होती आणि २०२१-२२ मध्ये ७ कोटी ४० लाख. म्हणजे घट झाली ती सगळी ९५०३ मध्ये. शेजारचे दोन क्रमांक किंचित वाढले.

यावरून ‘बघा, खेळणी नाव बदलून येत आहेत’ असे लगेच म्हणू नका. ९५०४ मध्ये व्हिडिओ गेम आहेत, आणि त्या वर्षांत मुले घरात कोंडलेली होती. शिवाय या वजाबाकीत ९५०५ चा वाटा वेगळा दिसत नाही. इतके मात्र म्हणता येते की भिंत उभी राहिली ती एका क्रमांकापुरती, आणि शेजारचे दार पूर्वीसारखेच राहिले. खेळणी बनवणाऱ्या कारागिराला ७० टक्क्यांचे संरक्षण आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्याशी स्पर्धा करणारा काही माल २० टक्क्यांच्या दारातूनही येऊ शकतो, हे धरून चालावे लागेल. माझ्या मते दोन्ही क्रमांकांचे आकडे दर वेळी वेगवेगळे दिले गेले पाहिजेत. एकत्र दिले की हा भाग झाकला जातो.

प्रामाणिक आयातदाराला मार्ग आहे. मुंबई आणि दिल्लीत सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. माल आणण्याआधीच ‘याला कोणता क्रमांक लागेल’ असे तिथे विचारता येते. तुम्हाला तिथे जायची गरज नाही. पण ठोक व्यापारी छातीठोकपणे क्रमांक सांगत असेल, तर असे ठरवून घेण्याची सोय आहे एवढे तुम्हाला माहीत असू द्या.

आयएसआय वेगळ्या प्रश्नावर ठरते

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे आहे. बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागते. हा आदेश खेळण्याची व्याख्या सीमाशुल्काच्या क्रमांकावरून करत नाही. त्याची व्याख्या अशी: १४ वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली, किंवा तसा उद्देश स्पष्ट दिसणारी वस्तू, मग ती केवळ त्यासाठीच असो वा नसो.

शेवटचे शब्द पुन्हा वाचा: केवळ त्यासाठीच असो वा नसो. ‘हे मोठी माणसेही घेतात’ हे उत्तर इथे पुरत नाही. मोठी माणसे घेत असतील, पण वस्तू मुलांच्या खेळण्यासाठीही आहे असे दिसले तर ती खेळणे ठरते.

म्हणजे दोन दारांवर दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. बंदरावर प्रश्न असतो, ही वस्तू खेळणे की थट्टेची? बाजारात प्रश्न असतो, मुले हिच्याशी खेळणार का? पहिल्या दारावर ‘थट्टेची’ असे उत्तर मान्य होऊन माल २० टक्क्यांत सुटला, तरी दुसऱ्या दारावर तो आपोआप सुटत नाही. ठोक व्यापाऱ्याचे ‘९५०५ आहे, आयएसआय लागत नाही’ हे वाक्य अर्धे खरे असू शकते आणि तुम्हाला अडकवणारा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

काही वस्तू मानकाच्या बाहेर ठेवल्या आहेत, उदाहरणार्थ सणाला टांगायची शोभेची सजावट किंवा ५०० हून जास्त तुकड्यांचे कोडे. थट्टेच्या वस्तूंचे काय, हे एकेक वस्तू पाहूनच ठरेल. पाकिटावर ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी चिकटपट्टी असेल तर ती जमेची बाजू. पण त्याच पाकिटावर कार्टून असेल आणि तुमची गाडी शाळेच्या फाटकाला लागून असेल, तर त्या चिकटपट्टीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. झटका देणारे पेन आणि लायटर याबाबत तर वाद घालण्यात अर्थ नाही. मुलाच्या हातात विजेचा झटका देणारी वस्तू ठेवून ती खेळण्याच्या मानकात बसेल अशी आशा धरता येत नाही. शाळेबाहेर ती विकूच नका. लायटरचा आणखी एक नियम आहे: बंदरातली किंमत २० रुपयांपेक्षा कमी असलेल्या सिगारेट लायटरच्या आयातीला २०२३ पासून बंदी आहे.

जमिनीवर आपटली की फटकन वाजणारी कागदी पुडी हीसुद्धा अनेक जण थट्टेच्या मालात ठेवतात. ती ना खेळणे, ना थट्टेची वस्तू. फटाके ९५ व्या प्रकरणातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. त्यांचा क्रमांक ३६०४, आणि परदेशी फटाके परवान्याशिवाय आणता येत नाहीत. परदेशी छापाची अशी पुडी मालात आली असेल तर ती गाडीवर नको.

दंड कोणाला?

बंदरावरचे कागद आयातदार भरतो. क्रमांक तोच लिहितो आणि शुल्कही तोच काढतो. तिथे खोटे लिहिले तर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी पहिल्यांदा त्याची.

बीआयएसचा कायदा मात्र वेगळा चालतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार सक्तीचे मानक असलेली वस्तू चिन्हाशिवाय बनवणे किंवा आणणेच नव्हे, तर विकणे, साठवणे आणि विक्रीसाठी मांडून ठेवणे यालाही मनाई आहे. कलम २९ मध्ये शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख आणि पुढच्या वेळी किमान पाच लाख रुपये दंड, जो मालाच्या किमतीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो, किंवा दोन्ही. कायद्याच्या या शब्दांत मोठे दुकान आणि हातगाडी असा भेद नाही. ‘मी बनवले नाही, मी आणले नाही’ हे खरे असले तरी ‘मी मांडले’ हेही खरेच असते.

तपासण्या होतात का? जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने महिनाभरातल्या छाप्यांत सुमारे १८,६०० खेळणी जप्त केल्याचे सांगितले. त्यात मॉल आणि विमानतळांवरची नावाजलेली दुकाने होती. मोठ्या दुकानाला वकील असतो. किमान दोन लाखांचा दंड दोघांना सारखाच असणे मला पटत नाही, पण आज नियम तसा आहे आणि माल घेताना तोच धरून चालावे लागेल.

माल उचलताना एवढे पाहा. पाकिटावर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर हे ॲप फोनवर मोफत मिळते. त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे का ते दिसते. नुसते छापलेले चिन्ह पाहून थांबू नका, क्रमांक टाका. दोन मिनिटांचे काम आहे. आयात केलेल्या बंद पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, कोणत्या देशातला माल आणि किरकोळ विक्रीची कमाल किंमत असावी लागते. यातले काहीच नसेल तर तो माल कोणत्या नावाने, कोणत्या दाराने आला हे शोधायला कोणालाच वाट उरत नाही, आणि अशा वेळी माल ज्याच्याकडे सापडतो त्यालाच विचारले जाते. पक्के बिल घ्या. बिलावर नुसते ‘फॅन्सी आयटम’ न लिहिता वस्तूचे नाव लिहायला सांगा. व्यापारी नाव लिहायला तयार नसेल तर त्याचे कारण तोंडाने विचारायची गरज नाही.

तुम्ही स्वतः बनवत असाल तर

थट्टेची खेळणी फक्त चीनमधून येतात असे नाही. लाकडी डबीचे झाकण सरकवले की आतला साप उसळून बोटाला टोचतो, ते खेळणे जत्रेत आजही मिळते आणि ते हातानेच बनते. लाकडाचे, कापडाचे, कागदाच्या लगद्याचे काम करणाऱ्यांना यात बाजार आहे, आणि ७० टक्क्यांची भिंत जेवढी आहे तेवढी तुमच्याच बाजूची आहे.

पारंपरिक बाहुली व खेळणी बनवणारे हा पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांपैकी एक आहे. वय १८ पूर्ण हवे, काम हाताने आणि अवजारांनी करायचे, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ; कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. सरकारी नोकरी असलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला हा लाभ नाही. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात आधारवर होते, मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पडताळणी करते, त्यानंतर जिल्हा समिती. मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर, आणि विनातारण कर्ज पहिल्यांदा एक लाखापर्यंत, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने. पीएम स्वनिधी किंवा मुद्राचे कर्ज मागच्या पाच वर्षांत घेतले असेल तर ते पूर्ण फेडलेले हवे. त्यामुळे गाडीवर विकणारे आणि घरी बनवणारे तुम्हीच असाल, तर कोणते कर्ज आधी घ्यायचे ते अर्जाआधी ठरवा.

आता आयएसआयची सूट. डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना, तसेच भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत मालकांना आणि अधिकृत वापरकर्त्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट मिळाली. इंदूरची चामड्याची खेळणी, तंजावरची डुलणारी बाहुली, चन्नपट्टणाची लाखकाम केलेली खेळणी यांना असे मानांकन आहे. इंदूर आणि तंजावरमध्ये तर हे वाचणारी मराठी घरेही आहेत.

इथे एक गोष्ट सहज सुटते. सूट मिळते ती हस्तकला विकास आयुक्तांच्या नोंदणीला, म्हणजे ज्याला पहचान कार्ड म्हणतात त्याला. पीएम विश्वकर्माचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र वेगळ्या योजनेचे आहे आणि आदेशातल्या सूटीत त्याचे नाव नाही. विश्वकर्मा कार्ड गळ्यात आहे म्हणून आयएसआय लागणार नाही, असे समजू नका. पहचान कार्ड वेगळे काढावे लागते. ते वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला सेवा केंद्रामार्फत मिळते.

आदेशातले शब्दही ‘बनवलेल्या आणि विकलेल्या’ असे आहेत. कारागिराने स्वतः जत्रेत विकले तर प्रश्न येत नाही. त्याच्याकडून घेऊन तुम्ही विकत असाल तर त्याचे बिल आणि पहचान कार्डाची प्रत गाडीवर ठेवा, म्हणजे माल कोणाच्या हातचा आहे हे निदान दाखवता येईल. साच्यात प्लास्टिक ओतून पाली आणि झुरळे बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला ही सूट नाही. त्याला बीआयएसचा परवाना घ्यावाच लागतो.

जीएसटीही बदलला आहे. लाकूड, धातू किंवा कापडाच्या हातकामाच्या बाहुल्या आणि खेळण्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. त्या नोंदीत उदाहरण म्हणून तीन नावे दिली आहेत: चन्नपट्टण, तंजावर आणि आपली सावंतवाडी. इलेक्ट्रॉनिक नसलेल्या साध्या खेळण्यांवरही त्याच दिवसापासून ५ टक्के आहे. बॅटरीची खेळणी त्यात नाहीत, म्हणून ठोक व्यापारी एकाच बिलात दोन्ही प्रकार लावत असेल तर दर वेगवेगळे दिसायला हवेत. आयएसआय चिन्ह खोटे वाटले तर तक्रार बीआयएस केअर ॲपवरच करता येते, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. बिल हाताशी ठेवून फोन करा, कारण पहिला प्रश्न माल कुठून घेतला हाच असतो.